एक जुनी आर्थरकथा फिरवायची आहे, कोणाला हवी?

जंक्शनवाला (भुसावळ)

मंडळी, रद्दीवाल्याकडून किलोवर उचललेल्या गठ्ठ्यात टी. एच. व्हाइटची ‘द वन्स अँड फ्यूचर किंग’ निघाली. सहाशेच्या वर पानं, पेपरबॅक, कणा दोन जागी मोडलेला, त्यावर कोणीतरी खाकी चिकटपट्टी मारून ठेवलेली. आत जांभळा शिक्का आहे, रेल्वेच्या कुठल्याशा क्लबाचा, पण गावाचं नाव पुसट. भुसावळात अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांची घरं होती त्या काळात इथे आली असावी, असा आपला माझा अंदाज.

आर्थर राजा, मर्लिन जादूगार, दगडात रुतलेली तलवार, गोलमेजाभोवतीचे सरदार ही इंग्लंडातली मध्ययुगीन दंतकथा आपण कार्टूनमधून थोडीफार ओळखतो. व्हाइटने तिची कादंबरी केली. पहिला भाग १९३८ चा, आणि चार भाग एकत्र होऊन हे पुस्तक झालं १९५८ साली.

माझं वाचून झालं. कपाटात कोंडून काय करायचं, फिरवू या. अटी सोप्या आहेत. पानाचे कोपरे दुमडायचे नाहीत. पेन्सिल चालेल, पेन नाही. शेवभाजी पुढ्यात असताना पुस्तक उघडायचं नाही. वाचून झालं की इथे चार ओळी टाकायच्या आणि पुढच्याला द्यायचं. जळगाव-चाळीसगाव बाजूला अपडाऊनवाल्यांच्या हाती पाठवतो, धुळे-नंदुरबारला एसटीने.

मागच्या मालकांपैकी कोणीतरी पेन्सिलीने मराठीत शेरे मारलेत. ते खोडू नका, काही भारी आहेत.

केळीबाग (रावेर)

भो, पहिला नंबर माझा. पण इंग्रजी किती जड आहे ते आधी सांग. कॉलेज सुटल्यापासून मी इंग्रजीत फक्त फवारणीच्या बाटल्यांवरची लेबलं वाचलीत.

जंक्शनवाला

पहिला भाग तुला आरामात जमेल. वॉर्ट नावाचं एक पोरगं, म्हणजेच पुढचा आर्थर, सर एक्टरच्या गढीत वाढतंय. आईबाप कोण, माहीत नाही. एक्टरचा पोरगा के, तो पुढे सरदार होणार आणि वॉर्ट त्याची शस्त्रं सांभाळणार, एवढंच त्याचं नशीब. त्याला शिकवायला मर्लिन येतो. हा बाबा काळात उलटा जगतो. त्याला उद्याचं आठवतं आणि कालचं ठाऊक नसतं, म्हणून मध्ययुगात बसून तो विसाव्या शतकातल्या गोष्टी बोलतो आणि समोरच्याला काही कळत नाही. शिकवायची पद्धत म्हणजे वॉर्टला कधी मासा करायचं, कधी ससाणा, कधी मुंगी, कधी रानहंस, शेवटी बिज्जू.

जड जागा दोनच, ससाणे पाळणाऱ्यांची परिभाषा आणि चिलखताचे भाग. व्हाइटने स्वतः ससाणा शिकवायचा प्रयत्न केला होता, त्यावर त्याचं वेगळं पुस्तकही आहे. त्यामुळे त्या पानांवर तो सुटलाय. सरळ उडी मार, काही बिघडत नाही.

पुण्यातला_खान्देशी

पुस्तक पुण्यात येणार नाही हे गृहीत धरतो. पीडीएफ आहे का कोणाकडे?

काळा_कोट (जळगाव)

हा प्रश्न येणारच होता, म्हणून एकदा नीट सांगतो.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. मोजणी मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून. व्हाइट गेला जानेवारी १९६४ मध्ये, ग्रीसच्या पिरियस बंदरात, बोटीवर. म्हणजे भारतात त्याचं हक्काचं शेवटचं वर्ष २०२४. १ जानेवारी २०२५ पासून ही कादंबरी इथे मोकळी आहे. इंग्लंडात ७० वर्षांचा नियम, तिथे २०३४ संपेपर्यंत थांबावं लागेल.

पण एक मेख आहे. याच कथेचा पाचवा भाग, ‘द बुक ऑफ मर्लिन’, त्याच्या हयातीत छापलाच गेला नाही, तो आला १९७७ साली. मरणोत्तर प्रकाशित पुस्तकाची ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात. म्हणजे त्याला हात लावायचा तर २०३७ सरू द्या. चार भाग चालतील, पाचवा नाही. जुनी प्रत हातोहात फिरवायला मात्र कोणाचीच परवानगी लागत नाही, तेव्हा जंक्शनवाल्यांनी निवांत असावं.

मास्तरीणबाई (अमळनेर)

कोटसाहेबांनी मृत्यूचं सांगितलं, मी जन्माचं सांगते. व्हाइट जन्मला १९०६ मध्ये, आपल्या मुंबईत. वडील इथे पोलीस खात्यात होते. तेव्हा अगदीच परका समजू नका.

आता थोडं मागचं, कारण केळीबाग पहिल्यांदाच वाचणार आहेत. आर्थर खरा होता का, हा वाद न संपणारा. पण गोष्ट कशी वाढत गेली ते दिसतं. ११३६ च्या सुमारास मॉनमथच्या जेफ्रीने लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा ‘इतिहास’ लिहिला, त्यात आर्थर सम्राट झाला. ११५५ मध्ये वेस नावाच्या कवीने तेच फ्रेंचमध्ये आणताना गोलमेज घातलं, म्हणजे कोण वर बसणार आणि कोण खाली ही भांडणं मिटली. मग क्रेतियाँ द त्रवा या फ्रेंच कवीने आर्थरचा सरदार लान्सलॉट आणि आर्थरची राणी यांचं प्रेम आणलं. हे सगळं एका सूत्रात ओवलं सर टॉमस मॅलरीने, १४६९-७० च्या सुमारास, आणि तेही कैदेत बसून. १४८५ मध्ये कॅक्स्टन या मुद्रकाने ते छापलं. व्हाइटच्या उशाशी होता तो हा मॅलरी.

मला कौतुक याचं वाटतं की व्हाइट मॅलरीची गोष्ट बदलत नाही. मॅलरीने जे सांगितलंच नाही तिथे तो शिरतो. आर्थरचं लहानपण मॅलरीत जवळजवळ नाहीच. तिथे व्हाइटने पहिला अख्खा भाग उभा केला.

पांझराकाठ (धुळे)

बाईंच्या मॅलरीला माझी जोड. कॅक्स्टनने छापण्याआधीची हस्तलिखित प्रत कोणाला माहीतच नव्हती. १९३४ साली विंचेस्टर कॉलेजातल्या ओकशॉट नावाच्या शिक्षकाला ती सापडली, वॉर्डनच्या झोपायच्या खोलीतल्या तिजोरीत. तो बघायला गेला होता जुन्या पुस्तकांच्या बांधण्या! पुढे त्या पानांवर कॅक्स्टनच्या छापखान्यातल्या शाईचे उलटे डाग दिसले, म्हणजे ती प्रत त्याच्या कारखान्यात पडून होती.

धुळ्यात राहून हे वाचलं की हात शिवशिवतात. आमच्याकडे समर्थ वाग्देवता मंदिरात शंकरराव देवांनी मठामठांतून गोळा केलेली रामदासी बाडं आहेत, राजवाडे मंडळात दप्तरंच्या दप्तरं आहेत. राजवाडे १९२६ साली इथेच गेले. त्यांनी आयुष्यभर हेच केलं, कोणाच्या माळ्यावरून कागद उतरव, कोणाच्या देव्हाऱ्यामागून काढ.

माझा दुसरा नंबर लिहून ठेवा.

केळीबाग

पहिला भाग झाला! दिवसा घड उतरवण्याची घाई, रात्री मोटर सुरू असेपर्यंत मचाणावर बसून वाचू राहिलो होतो, म्हणून वेळ लागला.

दोन प्रकरणं डोक्यातून जात नाहीत. एक माशाचं. वॉर्ट खंदकात उतरतो आणि तिथला राजा म्हणजे एक म्हातारा पाइक मासा, हा मोठा, उदास तोंडाचा. तो सांगतो, बळ हेच खरं, बाकी सगळं झूट. आणि बोलता बोलता वॉर्टलाच गिळायला येतो. शिकवणी आणि परीक्षा एकदमच.

दुसरं मुंग्यांचं. वारुळात सगळ्यांच्या डोक्यात दिवसभर एकच आवाज वाजत राहतो, विचार करायला जागाच नाही. शब्द दोनच, झालेलं आणि न झालेलं, म्हणजे बरं-वाईट, हवं-नको सगळं त्यातच भागवायचं. शेजारच्या वारुळावर हल्ला का करायचा याचं भाषण होतं ते तर मी दोनदा वाचलं. पेन्सिलवाल्याने तिथे बाजूला लिहिलंय, ‘निवडणूक’. एवढंच.

जंक्शनवाला

मुंग्या आणि रानहंस ही दोन प्रकरणं १९३८ च्या मूळ पुस्तकात नव्हती. व्हाइट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आयर्लंडात जाऊन राहिला आणि तिथे त्याने तो पाचवा भाग लिहिला, माणूस युद्ध का करतो याच प्रश्नावर. प्रकाशकाने तो घेतला नाही. मग १९५८ मध्ये त्यातली ही प्रकरणं उचलून पहिल्या भागात लावली. म्हणून त्या जागी अचानक चव बदलते. मला विचाराल तर पुस्तकाचा जीव तिथेच आहे. हंसांच्या कळपात वॉर्ट एका हंसिणीला विचारतो, तुम्ही एकमेकांशी लढता का, तर ती रागावते, असला घाणेरडा प्रश्न कसा सुचतो म्हणून. त्यांना आकाशात सीमाच ठाऊक नाहीत.

थाळनेरचा_पोऱ्या (शिरपूर)

मोडता घालतोय, राग मानू नका. इंग्लंडच्या राजाची दंतकथा वाचायला आपण रांग लावतोय आणि आपल्या दारातली दंतकथा धूळ खात पडलीय. आसा अहिर कोणाला आठवतो का?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. आसिरगड आज बुऱ्हाणपूरच्या वर मध्य प्रदेशात आहे, पण होता खान्देशाचाच दरवाजा. आसा अहिर तिथला गुराखी राजा म्हणा, हजारोंनी गुरं, दुष्काळात लोकांना धान्य वाटणारा. गडाला नाव त्याचंच. खान्देशच्या फारुकी सुलतानांपैकी नासिरखान लळिंगहून पुढे सरकत होता. त्याने आसाला निरोप धाडला की शत्रू मागे लागलेत, माझ्या बायकामुलांना गडावर आसरा दे. आसाने दिला. पहिल्या दिवशी डोल्यांतून खरोखर बायका आल्या. दुसऱ्या दिवशी डोल्या आल्या त्यात हत्यारबंद शिपाई. स्वागताला पुढे आलेला आसा आणि त्याची मुलं जागीच मारली गेली. पुढे १६०१ पर्यंत गड फारुकींकडे, मग अकबराने घेतला.

आर्थरचा घात करणाऱ्या मॉर्ड्रेडपेक्षा हे काय कमी आहे? कोणी का लिहीत नाही?

मास्तरीणबाई

पोऱ्या, प्रश्न रास्त आहे आणि मलाही छळतो. पण बघ, ही गोष्ट आपल्याला कळते कोणाकडून? मुख्यतः फिरिश्ता या फारसी इतिहासकाराकडून. तो लिहितो विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारात बसून, घटनेनंतर दोनशे वर्षांनी. त्याच्या दोन-चार पानांत आसा येतो, भोळेपणा करतो आणि मरतो. त्याची बायको काय म्हणाली, डोल्या बघून कोणाला शंका आली का, गुराख्यांपैकी कोणी वाचलं का, यातलं काही तिथे नाही. व्हाइटच्या मागे तीनशे वर्षं कवी आणि भाट रचत आले होते, मग मॅलरीने ते घट्ट केलं, मग त्याला त्यातल्या फटी सापडल्या. आसाच्या गोष्टीत फटीच फटी आहेत. लिहिणाऱ्याला उलट मोकळं रान आहे.

आणि हे पुस्तक वाचणं म्हणजे आसाला विसरणं नव्हे. ते कसं करायचं याचा एक नमुना आपल्या हातात आहे, म्हणून तर वाचायचं.

थाळनेरचा_पोऱ्या

नमुना इंग्लंडचाच कशाला लागतो, हा माझा मुद्दा तसाच आहे, बाई. पण फिरिश्त्याचं पटलं.

सातपुडा (शहादा)

वादात पडत नाही. मला वेगळंच आठवलं. दंतकथेत आर्थर मरत नाही म्हणतात. जखमी होऊन अ‍ॅव्हलॉन बेटावर जातो आणि देशावर वेळ आली की परत येणार. व्हाइटने नावात ते ठेवलं, पण कादंबरी लढाईच्या आदल्या रात्रीच थांबवली.

आमच्याकडे धडगावच्या बाजूला अस्तंब्याचा डोंगर आहे. धनत्रयोदशीला यात्रा निघते, डोंगर चढतात. तो अश्वत्थाम्याचा. कपाळावरची जखम घेऊन तो रानात हिंडतो आणि भेटेल त्याच्याकडे तेल मागतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो असंही म्हणतात. आसिरगडावरही तोच, पहाटे महादेवाला फूल वाहून जातो म्हणे. दोघंही न मेलेले, दोघंही जखमी. पण आर्थरची जखम बरी व्हायची लोक वाट बघतात. अश्वत्थाम्याची बरी होणार नाही हे ठरलेलंच, तरी लोक डोंगर चढतात. मला आमची गोष्ट जास्त खोल वाटते. पोऱ्याला एक मत.

तिसरा नंबर कोणाचा लागला? चौथा मला द्या.

तापीकाठची (शिंदखेडा)

तिसरा माझा होता. पांझराकाठदादांनी पिशवीत घालून एसटीने धाडलं, पोचलं.

मी सरळ बोलते. पहिल्या भागावर सगळे खूश आहात, पण दुसऱ्या भागात बाई आली की व्हाइटचा हात आखडतो. मॉर्गॉज राणीची, म्हणजे आर्थरच्या सावत्र बहिणीची, ओळखच काळं मांजर जिवंत उकळताना करून दिलीय, तेही अदृश्य व्हायच्या मंत्रासाठी, आणि मध्येच कंटाळून ती ते सोडून देते. तिची चार पोरं आईच्या एका नजरेसाठी तडफडतात, तिला खूश करायला एकशिंग्याला मारून त्याचं मुंडकं ओढत आणतात, वाटेत ते चिखलाने माखून जातं, आणि तिचं लक्षही जात नाही. हे प्रकरण वाचून मी पुस्तक उलटं ठेवून दिलं होतं. लिहिलंय जबरदस्त. पण वाईट आई एवढ्या बारकाव्याने रंगवणारा लेखक चांगली बाई रंगवायला लागला की घाई करतो. ग्वेनेव्हर राणी तिसऱ्या भागात कुठे जरा माणूस वाटते.

तिसरा भाग लांबलाय हे खरं, पण लान्सलॉट त्याने कुरूप केलाय ते मला फार आवडलं. जगातला सगळ्यात मोठा लढवय्या, आरशात बघायला घाबरणारा.

आता मुख्य सांगते. चौथा भाग मी सासूबाईंना तोंडी सांगितला. त्या ओट्यावर बाजरी निवडत होत्या. आर्थरने आयुष्यभर एकच काम केलं, बळी तो कान पिळी हे मोडून कायद्याचं राज्य आणलं. मॉर्ड्रेड नेमका तोच कायदा त्याच्यावर उलटवतो. राणी लान्सलॉटसोबत सापडली, राजद्रोह, शिक्षा जाळण्याची. राजाने माफ केलं तर कायदा राजापुरता वाकला, नाही केलं तर बायको जळते. लान्सलॉट येऊन सोडवील, या आशेवर तो खिडकीत उभा. मी अगदी रंगात येऊन सांगत होते. सासूबाईंनी सुपातला खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, “कायदा त्यानाच शे, मंग आते रडस काबर?” थोड्या वेळाने परत, “माणसे दोन, नि जाळतस बाईले!”

त्या पानाच्या कडेला पेन्सिलवाल्याने लिहिलंय, ‘धर्मराज असता तर?’ सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, त्याने तर बायको डावावर लावली, त्याचं नाव काढू नको.

केळीबाग

ताई, सासूबाईंना धाग्यावर आयडी काढून द्या.

काळा_कोट

तुमच्या सासूबाईंचा पहिला प्रश्न खरा कायद्याचा आहे. आर्थरला शिक्षा माफ करायचा अधिकार होता, राजा म्हणून. कायदा मोडायची गरजच नव्हती. पण ज्या माणसाने आयुष्यभर ‘माझ्या मर्जीने काही चालणार नाही’ असं सांगितलं, तो मर्जी कुठल्या तोंडाने वापरणार? आणि मॉर्ड्रेड त्याचाच मुलगा, सावत्र बहिणीपासून झालेला, हे त्याला ठाऊक आहे. तो जन्मला तेव्हा आर्थरने त्या दिवसांतली सगळी बाळं समुद्रात सोडायचा हुकूम दिला होता. मर्जी वापरून त्याने आधीच एकदा पाप केलंय. हे लक्षात ठेवून चौथा भाग वाचला की तो खिडकीतला म्हातारा बावळट वाटत नाही.

पांझराकाठ

वा कोटसाहेब. कंसमामाचं प्रकरण तिथे असं येतं हे सुटलंच होतं.

ज्यांनी शेवट वाचला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा. शेवटच्या रात्री आर्थर एका पोरसवदा हुजऱ्याला बोलावतो, लढाईत जाऊ नकोस, घरी जा आणि ही गोष्ट सांगत राहा म्हणतो. पोराचं नाव टॉम, गाव वॉरिकशायरमधलं न्यूबोल्ड रेव्हेल. म्हणजे टॉमस मॅलरी! व्हाइटने आपल्या आधाराच्या लेखकालाच गोष्टीत आणून बसवलं. काळाचा हिशेब करायला गेलात तर फसाल, त्याने आधीपासूनच सगळं मध्ययुग एका हंड्यात घातलंय, आणि खरे राजे तिथे दंतकथेतले म्हणून येतात.

पुण्यातला_खान्देशी

पुस्तक मोकळं झालंय तर मराठीत का करत नाही आपण? धाग्यावरच वाटून घेऊ. अख्खं नको, पहिला भाग तरी.

मास्तरीणबाई

मी तयार आहे. माशाचं प्रकरण माझं. पण भाषा पुस्तकी झाली तर मीच परत पाठवणार. सर एक्टर आणि त्याचा पाहुणा ग्रमर दारू पीत पोरांच्या शिक्षणाचं बोलतात, ते आपल्याकडच्या दोन पाटलांसारखं उतरलं पाहिजे.

काळा_कोट

चालेल. भारतात प्रसिद्ध करा, परदेशातल्या वेबसाइटवर विकायला ठेवू नका. जुन्या आवृत्तीची चित्रं नि मुखपृष्ठ घेऊ नका, त्यांचे हक्क चित्रकाराचे, हिशेब वेगळा. आणि पाचव्या भागातला मजकूर चुकूनही नको.

तापीकाठची

काळ्या मांजराचं मी करणार नाही, आधीच सांगते. ससाण्यांचं द्या. रात्री अंधारात वॉर्टला त्या वेड्या कर्नल ससाण्याच्या पंजाजवळ उभं राहायचं असतं, ते मला करून बघायचंय.

थाळनेरचा_पोऱ्या

माझं नाव यात धरू नका. मी फिरिश्त्याची ती पानं काढून वाचतोय. वेगळा धागा उघडीन.

सातपुडा

उघड, लिंक इथे टाक. तोवर पुस्तक माझ्याकडे आलंय, दुसऱ्या भागात आहे. हंसांचं प्रकरण मी घेतो.

केळीबाग

मग मुंग्या माझ्याच. पण घाई करू नका भो, सध्या कापणी जोरात सुरू आहे आणि गाड्या लागल्यात. पोळ्यानंतर बसतो.